मुंगूस जिंकेल की नाग?

बालमित्रांनो, नवीन पनवेलच्या आमच्या शाळेत चौथीच्या वर्गात हा वाद दोन दिवस रंगला. नागपक्ष म्हणे, "नाग चार-पाच फूट लांब, फण्यावर दहाचा आकडा! दीड किलोचं मुंगूस काय करणार?" मी मुंगूसपक्षाचा. मी म्हटले, "दहाचा आकडा काढला म्हणून नाग गणितात पास झाला काय?" सगळे खो खो हसले. मग बाईंनी दोघांनाही माहिती काढायला लावली. ती अशी:

नाग फणा उभारून वरून खाली वार करतो. मुंगूस भारी चपळ. हुलकावण्या देऊन ते नागाला दमवते आणि नेमके डोके धरते. केस फुलवले की नागाचे दात केसांतच अडकतात. शिवाय मुंगसाच्या स्नायूंत विष नीट चिकटत नाही, हे शास्त्रज्ञांनी १९९२ साली दाखवले. म्हणजे ते मुळी खाऊन विष उतरवते, ही नुसती समजूत. मात्र जास्त विष गेले तर मुंगूसही मरते.

निकाल: बहुतेक वेळा मुंगूस!

पण त्यांची झुंज कुणी लावू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने दोघांनाही संरक्षण आहे. दोघेही भातखाचरातले उंदीर खातात, म्हणजे दोघेही शेतकऱ्याच्याच पक्षाचे.

आणि पालकहो, आपण काही मुंगूस नव्हे! साप चावला तर मुळी नको, मांत्रिक नको. चावलेला भाग हलवू नका आणि तडक सरकारी दवाखाना गाठा. तिथल्या प्रतिविषानेच जीव वाचतो.