बोंबील मासा : एक अभ्यास

सुका बोंबील आमच्या काटेवाडीकडील वाचकांस नवा नाही. बाजारातून तो घरी येतो, तव्यावर भाजला जातो आणि भाकरीबरोबर गरिबाच्या ताटात पडतो. भिगवणच्या बाजारात उजनीच्या जलाशयातील मासे ताजे मिळतात. पण ते गोड्या पाण्याचे. बोंबील समुद्राचा आहे. तो कसा जगतो व आपणापर्यंत कसा येतो, हे आज आपण पाहू.

ह्या माशाचे मुख्य घर म्हणजे गुजरात व उत्तर महाराष्ट्राचा किनारा. तेथील समुद्राचा तळ चिखलाचा, पाणी गढूळ व भरती-ओहोटीचा ओढा मोठा. दक्षिणेकडे केरळाच्या बाजूस तो विरळ होतो. पुढे बंगालच्या उपसागरात पुन्हा आढळतो. फ्रान्सिस हॅमिल्टन ह्यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

बोंबलाचे अंग मऊ व पाणीदार असते. ताज्या माशाच्या दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग पाणीच. खवले केवळ शरीराच्या मागील भागावर असतात. असा दुबळा दिसणारा हा मासा मोठा खादाड आहे. त्याचा जबडा रुंद व दात सुईसारखे, आत वळलेले. त्यामुळे धरलेले भक्ष्य निसटत नाही. जवळा, कोळंबी व लहान मासे तो खातो, इतकेच नव्हे तर स्वजातीची पिल्लेही गिळतो.

त्यास धरण्यासाठी कोळी बांधव डोल नावाचे जाळे लावतात. हे मोठ्या पिशवीसारखे असून त्याचे तोंड प्रवाहाकडे करून ते समुद्रात पक्के बांधतात. पाण्याच्या ओढ्याबरोबर मासे आत जातात. ओढा थांबला की जाळे उपसतात. मग दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर उन्हात वाळत घालतात. पाणी निघून गेल्यामुळे तो मासा टिकतो व घाटावरील गावांपर्यंत पोहोचतो.

आता अडचण पाहा. डोलीचा शेवटचा भाग बारीक विणीचा असतो, कारण त्यातच जवळाही धरावयाचा असतो. त्यामुळे बोटाएवढी पिल्लेही सापडतात. मत्तय १३:४७, ४८ ह्यांतील दाखल्यात कोळी जाळे काठाला ओढून मासे निवडतात. पण बोंबलाची पिल्ले काठावर निवडून काय उपयोग? ती तोवर मेलेली असतात. निवड पाण्यातच, जाळ्याच्या विणीने झाली पाहिजे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरविली. बोंबलाची १८० मिलिमीटर, म्हणजे वितीहून थोडी कमी. त्याहून लहान मासा धरू नये, असा नियम आहे.

उत्पत्ति १:२२ येथे देवाने जलचरांस वाढण्याचा आशीर्वाद दिला, आणि तो मनुष्य निर्माण होण्यापूर्वी दिला. अनुवाद २२:६, ७ येथे घरट्यातील पिल्ले घेणाऱ्याने आईस सोडून द्यावे, अशी आज्ञा आहे. देवाने दिलेले अन्न घ्यावे, पण त्याचे मूळ तोडू नये, हा त्याचा अर्थ होय. आपण शेतकरी हे जाणतो. बियाण्याची ज्वारी दळून खाणाऱ्यास पुढल्या वर्षी काय पेरावे हा प्रश्न पडतो.

ह्यावरून कोळी बांधवांस दोष देऊन मोकळे होणे न्यायाचे नाही. त्यांचे पोट त्या जाळ्यावर आहे, आणि त्यांचा माल विकत घेणारे आपणच आहोत. वाळल्यावर मासा आक्रसतो, म्हणून बाजारात पट्टी लावून निवाडा करता येणार नाही हे खरे. तरी बोटभर पिल्ले ओळखण्यास पट्टी नको. ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. गिऱ्हाईक नाही तेथे व्यापारी माल आणीत नाही. समुद्र आपणापासून दूर असला, तरी आपला हात तेथवर पोहोचतो.

उपदेशकांनी मंडळीस विचारावयाचे प्रश्न : (१) बोंबील कोठे राहतो व काय खातो? (२) डोलीत पिल्ले का सापडतात? (३) स्वस्त मिळते म्हणून आपण दुसऱ्या कोणत्या वस्तूचे बियाणे खाऊन टाकीत आहो?