वामनवृक्षाची जोपासना

झाडाची काळजी घेणें म्हणजे त्यास नित्य पाणी घालणें, अशी आपली समजूत असते. उथळ कुंडींत वाढविलेल्या वामनवृक्षाच्या, म्हणजेच बोन्सायच्या, बाबतींत ती अपुरी ठरते. हें दोन उदाहरणांनीं पाहूं.

अझेलिया हें जपानांत बोन्साय म्हणून फार आवडीनें वाढविलें जाणारें फुलझाड होय. त्याच्या एका जातीचें शास्त्रीय नांव ‘इंडिकम’ असलें, तरी तिची जन्मभूमि भारत नसून जपान आहे. या झाडाचीं मुळें केसांसारखीं बारीक असतात. माती एकदां पूर्ण सुकली कीं तीं मरतात. त्यास आम्लधर्मी माती लागते. चुनखडीचें पाणी मिळाल्यास त्यास मातींतील लोह घेतां येत नाहीं. पानें पिवळीं पडतात व शिरा मात्र हिरव्या राहतात. म्हणून पावसाचें पाणी उत्तम. फुलें सुकतांच छाटणी करावी. उशीर केल्यास पुढील वर्षाच्या कळ्याच कापल्या जातात.

आतां चिमूरचा विचार करा. मे महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. थंड हवेंत वाढणारें हें झाड त्या उष्णतेंत टिकणें कठीण. येथें बोगनवेल निवडावी. ती मूळची दक्षिण अमेरिकेंतील. तिचीं रंगीत ‘फुलें’ वस्तुतः पानेंच असून खरें फूल त्यांच्या आंत लहानसें असतें.

बोगनवेलीस भरपूर ऊन द्यावें. पोयटा, जाड वाळू व कुजलेलें पालेखत यांचें मिश्रण वापरावें व कुंडीस तळाशीं भोंक असावें. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावें. सदैव ओल राहिल्यास पानें माजतात, पण बहर येत नाहीं. बहर ओसरतांच फांद्या छाटाव्या, कारण फुलें नव्या फुटीवर येतात.

तथापि उन्हाळ्यांत उथळ कुंडी एका दिवसांतच कोरडी पडते. सकाळ-संध्याकाळ मातींत बोट घालून पाहावें. सुट्टींत गांवीं जातांना झाड शेजाऱ्यांच्या स्वाधीन करावें. जमिनींतील झाड खोल मुळांनीं पाणी शोधतें, कुंडींतल्यास केवळ आपला हात असतो.

जी कोरड अझेलियास मारते, तीच बोगनवेलीस फुलविते. तेव्हां झारी उचलण्यापूर्वी झाडाचा स्वभाव ओळखावा, हाच या पाठाचा सारांश.