विद्यापीठे आणि उपग्रहविद्या

प्रश्न : माझी कन्या अभियांत्रिकी शिकते. उपग्रह तर इस्रो बांधते. मग त्या कामी विद्यापीठांचा उपयोग तो काय?
– एक पालक, सातारा

उत्तर : आपली शंका रास्त आहे; परंतु पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी, एका तुकडीने दुसरीच्या हाती वारसा सोपवीत, सुमारे एक किलो वजनाचा जो ‘स्वयम्’ उपग्रह सिद्ध केला आणि जो २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून कक्षेत गेला, त्याचे उदाहरण पाहावे. दिशा राखण्यासाठी त्यात विजेचा खर्चच नव्हता : आतील कायमचुंबक होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळून घेई, आणि मृदू चुंबकीय धातूच्या कांड्या त्याचे डोलणे शमवीत. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला, आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची गणना करण्याच्या हेतूने, मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ही रवाना झाला. शिवाय इस्रो ‘रिस्पॉन्ड’ योजनेखाली विद्यापीठांतील संशोधनास अनुदान मंजूर करते.

सारांश, ज्याची दुरुस्ती उड्डाणानंतर अशक्य, असे यंत्र घडविताना जी शिस्त अंगी मुरते, तीच या उद्योगाची खरी भरती होय. कन्येस अशा एखाद्या विद्यार्थीगटात अवश्य दाखल करावे.