वंशावळीचे वाचन आणि स्थानिक साधनांचे अंकीकरण : चिंचवडच्या देव घराण्याच्या संदर्भात

सनदा, महजर, करीने, वंशावळी इत्यादी स्थानिक इतिहासाची साधने आता छायाप्रतींच्या रूपाने संगणकाच्या पडद्यावर दिसू लागली आहेत. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात या साधनांचे महत्त्व विशेष आहे. पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. 1970 मध्ये येथे नगरपालिका आणि 1982 मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. शेतजमिनी कारखान्यांखाली गेल्यावर गावाची पूर्वस्मृती मुख्यतः आडनावांत, देवळांत आणि कागदांत उरली. अशा ठिकाणी सार्वजनिक ग्रंथालयाने जुने कागद अंकीय रूपात उपलब्ध करून देणे स्वागतार्हच आहे. तथापि, कागदाची प्रतिमा उपलब्ध होणे म्हणजे कागद वाचता येणे नव्हे. प्रस्तुत लेखात चिंचवडच्या देव घराण्याच्या आधारे या भेदाचा विचार केला आहे.

मोरया गोसावी हे या घराण्याचे मूळ पुरुष. त्यांच्या वंशात सात पिढ्यांपर्यंत गणेशाचा अंश राहील, अशी सांप्रदायिक श्रद्धा आहे. त्यामुळे या घराण्यात वंशावळ हा केवळ नावांचा क्रम राहत नाही. देवत्वाचा आणि त्याबरोबर देवस्थानच्या इनामांचा तो आधार ठरतो. राजसत्ता बदलली की जुन्या सनदा नव्याने करून घ्याव्या लागत, आणि अशा प्रत्येक प्रसंगी हक्काची परंपरा पुन्हा सांगावी लागे. लॉरेन्स प्रेस्टन यांनी ‘द देव्ज ऑफ चिंचवड’ (1989) या ग्रंथात हे घराणे आणि राज्यसंस्था यांच्या संबंधांचा वेध घेतला आहे.

या घराण्याविषयीची साधने परस्परांशी सहज जुळत नाहीत. मोरया गोसावींचा काळ काही अभ्यासक चौदावे ते सोळावे शतक असा मानतात, तर काही सतरावे शतक मानतात. समाधिमंदिराच्या शिलालेखातील विलंबी व विकारी ही संवत्सरे इ. स. 1658-59 च्या सुमारास येतात. परंतु तो काळ बांधकामाचा आहे, सत्पुरुषाच्या आयुष्याचा नव्हे. 1800 मध्ये एडवर्ड मूर चिंचवडास आला. तत्कालीन देवांविषयीचा त्याचा वृत्तान्त ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात आहे. 1809 मध्ये मारिया ग्रॅहॅम हिनेही चिंचवडास भेट दिली. पुढील वर्षी, 1810 मध्ये, धरणीधर देव निपुत्रिक वारले आणि दूरच्या नातलगास गादीवर बसविण्यात आले. देवस्थानास मिळणारी अनुदाने खंडित होऊ नयेत, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते.

भक्ताचे चरित्रलेखन, इनामदाराची कैफियत आणि परकीय प्रवाशाचे वर्णन हे तीन वेगळे वाङ्मयप्रकार होत. पहिल्याचा हेतू महिमा सांगण्याचा, दुसऱ्याचा हक्क सिद्ध करण्याचा, तर तिसऱ्याचा नवल टिपण्याचा. तिन्हींतील वंशक्रम एकाच पातळीवर ठेवून एकच ‘खरी’ वंशावळ जुळवू पाहणारा वाचक तिन्हींवर अन्याय करतो. दप्तरात कागद रुमालात बांधलेला असतो. त्याच्या शेजारी मूळ अर्ज असतो, प्रतिपक्षाचे म्हणणे असते, क्वचित निवाडाही असतो. प्रतिमा घेताना कागद सुटा झाला आणि सूचीत ‘वंशावळ, चिंचवड’ एवढेच नोंदले गेले, तर तो कोणत्या वादात, कोणापुढे दाखल झाला हे वाचकास कळत नाही. वादी पक्षाचे कथन मग निर्विवाद इतिहास म्हणून वाचले जाते.

हा प्रश्न केवळ संशोधकांपुरता नाही. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली कागद, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळांची रजिस्टरे यांना एकाएकी महत्त्व आले. त्यांतील अनेक नोंदी मोडी लिपीत होत्या. पणजोबाच्या नावापुढील एका शब्दावर पणतवाचा दाखला अवलंबून राहू लागला, आणि कागद वाचणाऱ्यावरील जबाबदारी स्पष्ट झाली.

म्हणून सार्वजनिक ग्रंथालयाच्या अंकीय संग्रहात काही गोष्टी अनिवार्य मानाव्या लागतील. मोडी प्रतिमेसोबत तिचे देवनागरी लिप्यंतर असावे, आणि संदिग्ध अक्षरे संदिग्ध म्हणूनच दाखवावीत. जुन्या कागदांत व्यक्तीचा उल्लेख पुष्कळदा आडनावाशिवाय, बापाचे नाव व मौजे यांनिशी येतो. तेव्हा केवळ आडनावाची सूची पुरेशी नाही. गावाच्या आजच्या तालुक्याबरोबर ‘तर्फ चाकण’ यासारखे जुने विभागही नोंदवावेत. शुहूर सन मृगापासून सुरू होतो आणि इसवी सनाशी त्याचे अंतर 599 वा 600 वर्षांचे पडते. म्हणून मूळ सन तसाच ठेवून रूपांतर स्वतंत्र द्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कागद कोणी, कोणापुढे आणि कशासाठी लिहिला, याची नोंद प्रत्येक प्रतिमेस जोडलेली असावी.

ही शेवटची नोंद यंत्र करू शकत नाही. लेखनप्रकार ओळखणे, निवेदकाचा हेतू ताडणे आणि शब्दाचा तत्कालीन अर्थ लावणे हे वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम आहे. पदव्युत्तर वर्गांतून मोडीचे वाचन आणि ऐतिहासिक गद्याचा अभ्यास एकत्र शिकविला गेला, तर या पट्ट्यातील ग्रंथालयांना आवश्यक असे वाचक तेथूनच मिळू शकतील.