पुढचा गेम ठरवताना मत कोणाचं धरायचं?

‘ब्लेड्स इन द डार्क’ हा गेम आमच्याकडे चाललाच नाही, त्याची सिस्टिमच बेकार आहे, असं आमच्या जुन्या ग्रुपमधला एक मित्र अजून सांगत फिरतो. हल्ली त्याला ‘तिला चालवता आला नाही’ हीसुद्धा जोड मिळाली आहे. ती म्हणजे मी. पुण्यात रोल-प्लेइंग गेम्सचा छंद असलेली माणसं फिरून फिरून एकमेकांनाच भेटतात, त्यामुळे असलं बोलणं माझ्या कानावर येतंच. म्हणून काय झालं ते एकदा स्पष्ट लिहिते आहे.

डंजन्स अँड ड्रॅगन्सची (डीअँडडी) पाचवी आवृत्ती आम्ही काही वर्षं खेळलो. ते कॅम्पेन संपलं आणि आता पुढे काय, अशी चर्चा सुरू झाली. गेम मास्टर मी, म्हणजे नियम वाचायचे मी, तयारी माझी आणि शनिवारी घरही माझंच. व्हॉट्सॲपवर पोल टाकला: पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती, कॉल ऑफ क्थुलू, ब्लेड्स. या मित्राने ब्लेड्सचा हट्टच धरला. चोरांची टोळी, भुतांनी भरलेलं अंधारं शहर, दरोडे, अजून काय पाहिजे? बाकीच्यांचं ‘काहीही चालेल’. मी तेव्हाच लिहिलं होतं की हा गेम डीअँडडीसारखा खेळायचा नसतो, नियम वाचून या. तो मेसेज आजही ग्रुपवर आहे. त्याच्याखाली सगळ्यांचे अंगठे आहेत, त्याचाही आहे.

जॉन हार्परचा हा गेम २०१७ साली पुस्तकरूपात आला. त्यात नकाशा पसरून तासभर बेत आखत बसायचं नसतं. बेताचा प्रकार निवडायचा, म्हणजे हल्ला, फसवणूक, लपून शिरणं वगैरे. एक तपशील सांगायचा, फासे टाकायचे आणि कथा थेट दरोड्यात उघडते. मध्ये अडलात तर फ्लॅशबॅक घ्यायचा: या पहारेकऱ्याला मी कालच पैसे चारले होते. त्याची किंमत स्ट्रेसमध्ये मोजायची. स्ट्रेसची घरं ९. ती भरली की पात्राला कायमचा मानसिक घाव. हिट पॉइंट्स नाहीत, इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईतल्या पाळ्यांचा क्रम, नाही, गेम मास्टर हल्ल्याचे फासे टाकत नाही. खेळाडूने टाकलेल्या फाशांत सर्वांत मोठा आकडा ६ असेल तर काम फत्ते. ४ किंवा ५ असेल तर काम होतं, पण काहीतरी अंगाशी येतं. त्याहून खाली आला की फसलात. सगळी गंमत त्या ४-५ मध्ये आहे, कारण बऱ्याचदा तेच येतं आणि कथा तिथूनच चिघळते.

आमच्याकडे काय व्हायचं? पहारा कधी बदलतो, भिंत किती उंच, गटाराला जाळी आहे का, यातच अर्धी संध्याकाळ जायची. मी म्हणायचे, हे आत्ता ठरवायची गरज नाही, फ्लॅशबॅक त्यासाठीच आहे. हा मित्र म्हणायचा, हे तर चीटिंग झालं. ४ आला की वाद: मी यशस्वी झालो ना, मग शिक्षा कसली? मारामारी सुरू झाली की, माझा नंबर कधी? प्रत्येक वेळी मी शांतपणे नियम सांगितला. टेबलावरच्या दुसऱ्या एका मैत्रिणीने तो मनापासून शिकून घेतला होता. ती बिचारी गप्प बसून राहायची.

एकदा तो फोन घ्यायला बाहेर गेला. त्याच्या पात्राचा स्ट्रेस मांडायचा राहिला होता, म्हणून मी त्याची कॅरेक्टर शीट ओढली. पुढच्या बाजूला स्ट्रेसची घरं कोरी होती. मागच्या बाजूला सुवाच्य अक्षरात हिट पॉइंट्स, स्नीक अटॅक, दोन जादुई खंजीर आणि पुढच्या लेव्हलला काय घ्यायचं त्याची यादी. जुन्या कॅम्पेनमधलाच त्याचा चोर, फक्त नाव नवं. मी तो कागद हातात धरून बसले. त्याला ब्लेड्स कधी नकोच होता. त्याला त्याचा जुना चोर नव्या शहरात हवा होता. त्याने मत दिलं ते मुखपृष्ठाला, आणि त्या मतावर मी कित्येक रात्री तयारी करत होते.

कागद दाखवल्यावर तो म्हणाला, “अगं, सवय आहे, त्यात काय एवढं?” पुढे मला वगळून वेगळा ग्रुप निघाला, त्यात डीअँडडी सुरू झालं, तेही माझेच खेळाडू घेऊन. मला कळलं ते एकाने शनिवारचा पत्ता चुकून जुन्या ग्रुपवर टाकला तेव्हा. तोंडावर सांगितलं असतं तर डीअँडडी मीच चालवलं असतं. हे मला अजून लागतं.

आता ज्यांचा पुढचा गेम ठरायचा आहे त्यांच्यासाठी. पोल टाकू नका. पोलमध्ये लोक गेमच्या जगाला मत देतात, आणि सिस्टिम ठरवते तुम्ही टेबलावर चार तास काय करणार ते. त्यापेक्षा प्रत्येकाला विचारा: मागच्या कॅम्पेनमधला कोणता प्रसंग अजून आठवतो? चौकटींवरची लढाई आणि जमून आलेले डावपेच आठवत असतील तर पाथफाइंडर बघा. प्रत्येक पाळीत ३ ॲक्शन, निवडायला फीट्सचा, म्हणजे खास क्षमतांचा, ढीग, आणि ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या साइटवर नियम फुकट. दबक्या पावलांनी जिना उतरलेला आठवत असेल तर क्थुलू. पण आधीच बजावा, की तिथे हिट पॉइंट्स म्हणजे शरीराची काटकता आणि आकारमान यांच्या बेरजेचा दहावा भाग, आणि अनुभवाने ते वाढत नाहीत. लेव्हल चढण्यात ज्यांचा जीव आहे ते तिथे दुःखी होतात. एखादी थाप अंगाशी आल्यावर उडालेला गोंधळ आठवत असेल, तर ब्लेड्स.

ठरवण्याआधी त्या गेमचा सगळ्यांत खटकणारा नियम मोठ्याने वाचून दाखवा आणि चेहरे बघा. ब्लेड्ससाठी तो फ्लॅशबॅकचा नियम. तिथेच कुणी ‘हे चीटिंग’ म्हणालं तर थांबा.

परदेशी पुस्तकं महाग पडतात, टपालखर्च वेगळा. आधी एक संध्याकाळ खेळून बघा. क्थुलूची क्विक-स्टार्ट पुस्तिका प्रकाशक केऑसियमने मोफत ठेवली आहे, तिच्यात ‘द हॉन्टिंग’ ही पूर्ण कथाही आहे. ब्लेड्सचे मूळ नियमही मोफत वाचता येतात.

‘काहीही चालेल’ हे मत धरू नका. ज्याला चालवायचं आहे त्याला नकाराचा अधिकार द्या, कारण आठवडाभर राबणारा तोच असतो. आणि तुम्ही खेळाडू असाल, तुम्हाला जुनाच गेम हवा असेल, तर कृपा करून पहिल्याच दिवशी तसं सांगा. डीअँडडी आवडण्यात कमीपणा काहीच नाही. चालवणाऱ्याला फक्त ते वेळेवर कळू द्या.