प्रतिजैविक औषधें : त्यांचे वर्ग व उपयोग

म्हशीची कास सुजून सडांतून गुठळ्या येऊं लागल्या कीं आपण सुई आणवितों; भातावर करपा दिसला कीं औषधाची पुडी आणवितों. परंतु तें औषध कोणत्या शत्रूवर व कोठें घाव घालतें, याचा विचार क्वचितच होतो. शिरगांव-बदलापूरकडील शेतकऱ्यांच्या भाताशीं व दुधाशीं हा विषय निगडित असल्यानें त्याची माहिती थोडक्यांत देत आहों.

पेनिसिलीन १९२८ सालीं फ्लेमिंग यांस एका बुरशींत सांपडलें. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ सालीं अमेरिकेंत मातींतील एका सूक्ष्म जीवापासून मिळालें. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. या औषधांचे मुख्य वर्ग असे :—

(१) पेनिसिलीन वर्ग.— वाढणाऱ्या जंतूस आपल्या भोंवतीं नवें कवच बांधावें लागतें. हें बांधकाम औषध मोडतें व जंतु फुटून मरतो. जनावराच्या पेशींस असें कवच नसतें.

(२) स्ट्रेप्टोमायसीन वर्ग.— जंतूच्या शरीरांत प्रथिनें बनतात, त्या कामांत हें औषध चुका घडवून आणतें व जंतूचा नाश करतें.

(३) टेट्रासायक्लीन वर्ग.— हें प्रथिनें बनविण्याचें काम थांबवितें. जंतूची वाढ खुंटते. पुढील काम जनावराच्या अंगच्या शक्तीनें व्हावें लागतें. पेनिसिलीन वाढत्या जंतूवरच चालत असल्यानें, हीं दोन औषधें आपल्या मनानें एकत्र देऊं नयेत.

(४) बुरशीनाशक वर्ग.— पिंपरीस शोधलेलें ऑरिओफंजिन यांतील होय. तें बुरशीच्या पेशीचें आवरण भेदतें. जंतूंवर निरुपयोगी आहे.

यावरून रोगाची ओळख प्रथम, औषध मागाहून, हा नियम ठरतो. भाताच्या पानावर मध्यें राखी रंगाचे, दोन्ही टोकांस निमुळते ठिपके पडले, तर तो बुरशीचा करपा. पान शेंड्याकडून कडांनीं वाळत गेलें, तर तो जंतूंचा कडा करपा. पहिल्यावर स्ट्रेप्टोमायसीन फवारणें म्हणजे पैसा पाण्यांत टाकणें होय. घटसर्प जंतूंपासून होतो, तेथें वेळीं दिलेलें औषध जनावर वांचवूं शकतें. लाळ्या-खुरकूत विषाणूंपासून होतो. मूळ रोगावर हीं औषधें चालत नाहींत. दोहोंस लस हाच खरा बंदोबस्त.

अर्धवट मात्रेनें दुबळे जंतु मरतात व चिवट उरतात. त्यांची प्रजा त्या औषधास दाद देत नाहीं. स्ट्रेप्टोमायसीन माणसाच्या क्षयावरही देतात. म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्यें केंद्र सरकारनें शेतींतील स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लीन यांचा वापर बंद करण्याच्या आज्ञेचा मसुदा काढला. कोलिस्टीन हें औषध तर २०१९ सालीं खाद्योपयोगी जनावरांस व कोंबड्यांस देण्याची मनाई झाली.

शेवटीं दुधाविषयीं. कासेंत सोडलेलें औषध दुधांत उतरतें. असें दूध विरजलें तर दहीं नीट लागत नाहीं, कारण विरजणाचे जंतुही मरतात. एका म्हशीचें दूध साऱ्या गांवाच्या दुधांत मिसळलें तर नुकसान सर्वांचें. म्हणून वेष्टनावर छापलेले दिवस भरेपर्यंत तें दूध विकूं नये, मुलांस देऊं नये. जनावरांच्या डॉक्टरांस विचारून औषध घ्यावें, ठरलेले दिवस पुरें करावें, व तारीख गोठ्यांतील वहींत टिपून ठेवावी.