वीज कोणाची, हक्क कोणाचा?

व्यापारी व कारागीर बांधवांनो, धुळ्याचा यंत्रमाग असो की जळगावचे वेल्डिंगचे दुकान, विजेवाचून धंदा चालत नाही. म्हणून तिच्यावर हुकूम कोणाचा चालतो, हे समजून घ्यावे.

२०११ साली जळगाव भागातील वीजवितरण 'फ्रँचायझी' म्हणून क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज कंपनीकडे गेले. २०१५ साली महावितरणने तो करार संपवून कारभार परत घेतला. भिवंडीत २००७ पासून आणि मालेगावात २०२० पासून अशीच पद्धत आली.

फ्रँचायझी म्हणजे मालकी नव्हे. परवाना सरकारी महावितरणकडेच राहतो. कंपनी तिच्याकडून वीज घेते, ग्राहकांना पुरवते व बिले वसूल करते. गळती व चोरी घटली की तिचा नफा वाढतो. दर मात्र दोघांपैकी कोणीच ठरवत नाही. तो अधिकार राज्य वीज नियामक आयोगाचा आहे.

सरकार व कंपनी यांच्या या तराजूत ग्राहकाचेही वजन आहे. विद्युत कायदा २००३, कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. कलम ४२ प्रमाणे तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे दाद मागता येते. दरवाढीपूर्वी आयोग जनतेच्या हरकती मागवतो.

बिलावर बोर्डाचे नाव असो वा कंपनीचे, हे हक्क तेच राहतात. तेव्हा बिले व पावत्या जपून ठेवा, तक्रार लेखी करून पोच घ्या आणि दराबाबत बाजारपेठेच्या वतीने एकत्र हरकत नोंदवा. तोंडी कुरकुरीची नोंद कोठेच होत नाही.